पॅनिअरवर पॅच लावताना: आधी बॅग ओळखा, मग सुई उचला

लडाख, स्पिती, नेपाळ, युरोप. सायकलवर कुठेही जाऊन आलं की हौसेने आणलेले पॅच पहिल्याच सुट्टीच्या दिवशी पॅनिअरवर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूंना लटकवायच्या बॅगांवर, शिवले जातात. मग जून उजाडतो आणि तक्रारी सुरू होतात: बॅगेत पाणी आलं, पॅचची कड सुटली, समोरचा खिसाच शिवला गेला, इस्त्रीने नायलॉनवर चकाकणारा डाग पडला. यातल्या फारच थोड्या चुका शिवणकामाच्या असतात. बहुतेकांची सुरुवात चुकीच्या क्रमात असते. लोक हातात पॅच घेऊन जागा शोधत बसतात, आणि बॅग कशाची आहे हा प्रश्न सुई टोचून झाल्यावर पडतो.

पॅच कसा लावायचा हे पॅचवर अवलंबून नसतं, बॅगेच्या कापडावर असतं. म्हणून सुरुवात तिथून.

टप्पा १: बॅगेचं कापड ओळखा

बॅग पूर्ण रिकामी करा. पाठीचा प्लॅस्टिकचा पत्रा निघत असेल तर काढा आणि बॅग आतून बाहेर उलटी करा. उजेडात शिवणी बघा. दोरा दिसतो का? शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे का? की दोरा कुठेच नाही आणि दोन कापडं एकमेकांत वितळून जोडलेली दिसतात? एवढ्यावरून बॅग कोणत्या गटातली ते कळतं.

पहिला गट कॅनव्हासचा. जाड सुती कापड, साधं किंवा मेण चढवलेलं. इंग्लंडमधल्या कॅराडाइसच्या पारंपरिक बॅगा या जातीच्या. मेणाचं कापड बोटाला किंचित चिकट लागतं आणि नखाने ओरखडलं तर फिकट रेघ उमटते. यावर शिवता येतं, आणि शिवायचंच असतं.

दुसरा गट शिवलेल्या नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा. आतून पातळ पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप, शिवणींमध्ये सरळ दिसणारा दोरा. अशा बॅगेबरोबर बहुतेकदा रेनकव्हर मिळतं. कंपनीने रेनकव्हर दिलं याचा अर्थच असा की बॅग एकटी पावसात टिकेल असं कंपनीलाही वाटत नाही. इथेही शिवता येतं, फक्त नंतर आतून छिद्रं बंद करावी लागतात.

तिसरा गट वॉटरप्रूफ रोल-टॉपचा. वरचं तोंड गुंडाळून बंद करायचं, शिवणी वेल्ड केलेल्या. ऑर्टलीब कंपनीच्या क्लासिक मालिकेतल्या बॅगा पीव्हीसी लेप दिलेल्या पॉलिएस्टरच्या असतात. त्या ताडपत्रीसारख्या गुळगुळीत दिसतात, म्हणून ओळखायला सोप्या. फसवतात त्या त्यांच्याच प्लस मालिकेसारख्या, पीयू लेपाच्या कॉर्ड्युराच्या (जाड, चिवट नायलॉनच्या) बॅगा. बाहेरून त्या साध्या कापडाच्या वाटतात, हात लावला तरी कापडच लागतं. पण आत बघितलं की वेल्ड दिसतं.

इशारा: तिसऱ्या गटातल्या बॅगेला सुई लावू नका. एका मध्यम आकाराच्या पॅचसाठी सत्तर-ऐंशी छिद्रं पडतात. ज्या एका गुणासाठी तुम्ही या बॅगेचे एवढे पैसे मोजले, तो त्या छिद्रांतून निघून जातो. यासाठीचा वेगळा मार्ग टप्पा ६ मध्ये आहे.

तपासा: गट नक्की होत नसेल तर बॅगेत दोन मग पाणी ओता आणि ती टांगून ठेवा. पाच मिनिटांत शिवणीतून थेंब पडू लागले तर ती दुसऱ्या गटातली. बाहेरून कोरडी राहिली तर तिसऱ्या गटातली समजा.

टप्पा २: पॅच तयार करा

पॅच उलटा करून पाठ बघा. नुसतं कापड आणि भरतकामाचे दोरे दिसत असतील तर तो शिवायचा पॅच. चकचकीत, कडक, प्लॅस्टिकसारखा थर असेल तर तो इस्त्रीचा. रबरासारखा, उठावदार असेल तर पीव्हीसीचा.

इस्त्रीच्या पॅचबद्दल एकदाच स्पष्ट सांगतो. तो थर म्हणजे उष्णतेने वितळणारा गोंद. सुती टी-शर्टवर तो बरा बसतो. पॅनिअरवर बसत नाही: नायलॉन त्या उष्णतेला आकसतं आणि चकाकतं, आतला पीयूचा लेप फुगतो, मेणाच्या कॅनव्हासवर मेणच वितळून गोंदाच्या आड येतं. समजा बसला, तरी विदर्भातल्या मे महिन्यात काळी बॅग दुपारभर उन्हात उभी राहिली की तोच गोंद पुन्हा मऊ होतो आणि कोपरे उचलले जातात. साध्या, बिनमेणाच्या कॅनव्हासवर तो तात्पुरती पकड म्हणून वापरा, म्हणजे शिवताना पॅच सरकत नाही. शिवायचा मात्र तोही.

आता रंग. लाल, मरून आणि गडद निळे पॅच रंग सोडू शकतात. पॅच अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, मग पांढऱ्या जुन्या फडक्यात दाबा. फडक्यावर रंग आला तर पाणी बदलून पुन्हा. याचा दुसरा फायदा असा की पॅचचं कापड आकसायचं तेवढं आत्ताच आकसतं. न भिजवता शिवलेला पॅच पहिल्या पावसात आकसतो आणि सभोवतालच्या कापडाला चुण्या पडतात.

सावलीत वाळवा. पाठीमागे लोंबणारे दोरे कात्रीने जवळून कापा, ओढू नका. ओढलेल्या दोऱ्याबरोबर पुढचं अक्षर उसवतं.

पॅच मिळवण्याबद्दल थोडंसं. लेहच्या बाजारात आणि काठमांडूच्या ठमेलमध्ये भरतकामाची दुकानं आहेत आणि तिथे हवा तसा पॅच करूनही मिळतो. आपल्याकडे किनाऱ्याकिनाऱ्याने रेवसपासून रेडीपर्यंत गेलात तरी पॅच विकणारं दुकान सापडणं कठीण. मग शाळेच्या गणवेशाचे मोनोग्राम करणाऱ्यांना गाठा. चित्र दिलं की ते त्याचं पंचिंग (भरतकामाच्या यंत्राला लागणारी फाइल) करून घेतात, आणि एकदा पंचिंग झालं की पुढचे नग स्वस्त पडतात. चार मित्रांनी मिळून काढावेत. अक्षरं देवनागरीत हवी असतील तर उंची किमान आठ-दहा मिलिमीटर ठेवायला सांगा. त्याहून लहान केलं की जोडाक्षरं आणि रफार दोऱ्याने बुजतात आणि ‘हर्णै’ वाचताच येत नाही.

पैसे देण्याआधी पॅचवरचा मजकूरही वाचा. खारदुंग लाच्या पॅचवर बऱ्याचदा १८,३८० फूट लिहिलेलं असतं. खिंडीची मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट आहे. लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. चढताना दम दोन्ही आकड्यांना सारखाच लागतो.

टप्पा ३: मांडणी, आणि तीही भरलेल्या बॅगेवर

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. रिकामी बॅग जमिनीवर सपाट पसरून पॅच मांडले की छान दिसतात. तीच बॅग भरून कॅरिअरला लावली की पुढचा भाग फुगतो, खालचा कोपरा आत वळतो आणि सरळ लावलेला पॅच तिरका दिसतो. मोठा पॅच फुगीर भागावर सपाटपणे बसतच नाही, त्याच्या कडेला पन्हळ पडते.

क्रम असा ठेवा:

१. बॅगेत कपडे भरा, प्रवासात भरता तितके. पट्टे आवळा. सायकलला लावा.

२. पॅचच्या मापाचे कागदाचे तुकडे कापा आणि मास्किंग टेपने बॅगेवर चिकटवा. खरे पॅच अजून हातात घेऊ नका.

३. खालच्या जागा खडूने खुणा करून बाद करा: तोंड गुंडाळलं जातं तो वरचा पट्टा, बकलचे पट्टे जिथून जातात त्या रेषा, कॅरिअरला टेकणारी पूर्ण मागची बाजू, मागच्या बॅगेचा पुढचा, टाचेजवळचा कोपरा, आणि सगळे रिफ्लेक्टर.

४. सायकलवर बसा आणि पॅडल मारून टाच कुठे येते ते दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. हिवाळ्यात जाड बूट घालत असाल तर तेच घालून.

५. पाच-सहा पावलं मागे जाऊन फोटो काढा. जागा बदला, पुन्हा फोटो.

डावी आणि उजवी बॅग सारखी नाही, हे फार कमी लोक लक्षात घेतात. साइड स्टँड डावीकडे असतो, भिंतीला टेकवताना सायकल बहुधा डावीकडूनच टेकवली जाते, आडवी ठेवली तर उजवीकडचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वाचावा म्हणून डाव्या कुशीवरच ठेवतात. रेल्वेच्या लगेजच्या डब्यात तर विचारूच नका. म्हणजे घासली जाते ती डावी बॅग. नाजूक भरतकामाचे, परत मिळणार नाहीत असे पॅच उजव्या बॅगेवर घ्या. पण उजवीकडूनच गाड्या ओलांडून जातात, म्हणून तिथला रिफ्लेक्टर एक सेंटिमीटरभरही झाकू नका. जागा अपुरी पडत असेल तर पॅच कमी करा.

पुढच्या सफरींसाठी मोकळी जागा ठेवा. वरून खाली किंवा मागून पुढे अशी एक दिशा ठरवली की पुढचा पॅच कुठे येणार हा वाद उरत नाही. मधोमध पहिला पॅच लावला की पुढचे सगळे त्याच्याभोवती कसेबसे कोंबावे लागतात.

इशारा: तिरंग्याचा पॅच पॅनिअरवर नको. भारतीय ध्वजसंहिता २००२ नुसार ध्वज जमिनीला लागू देता येत नाही, पाण्यात ओढला जाऊ देता येत नाही. पॅनिअर तर दर मुक्कामाला जमिनीवर टेकते आणि चाकाचा चिखल झेलते. लडाखच्या दुकानांत मिळणारी सैन्यदलांची चिन्हंही बॅगेवर लावू नका. ती आपली नाहीत, आणि चेकपोस्टवर नको ती चौकशी मागे लागते.

टप्पा ४: हाताशी काय हवं

दोरा पॉलिएस्टरचा, जाड. सुती दोरा उन्हा-पावसात कुजतो. नायलॉनचा मजबूत असतो, पण उन्हात पॉलिएस्टरइतका टिकत नाही. मासेमारीची पारदर्शक तंगूस ‘दिसत नाही’ म्हणून वापरणारे असतात. ती पॅचची कड ब्लेडसारखी कापते आणि गाठही नीट बसत नाही. मेणाच्या कॅनव्हाससाठी मिळालाच तर आत पॉलिएस्टर आणि वर सूत गुंडाळलेला दोरा घ्या. वरचं सूत ओलं झालं की फुगतं आणि छिद्र स्वतःच भरतं.

सुई टोकदार आणि शक्य तितकी बारीक, फक्त दोरा ओवता येईल एवढ्या नेढ्याची. पोत्यांची दाभण घेऊ नका, ती कापडात बोगदा पाडते. जिथे हात आत जात नाही तिथे गादीवाल्यांची वाकडी सुई उपयोगी पडते. मशीनवर १६ नंबरची सुई लावा.

याशिवाय अंगुस्तान, सुई ओढायला छोटी पक्कड, शिंप्याचा खडू, पाण्याने धुतली जाणारी गोंदाची कांडी, जाड पुठ्ठा, उसवणी आणि कोरड्या साबणाचा तुकडा. साबण कशाला, तर इस्त्रीच्या पॅचमधून सुई गेली की गोंद तिला चिकटतो आणि चौथ्या टाक्यापासून ती अडकायला लागते. दर काही टाक्यांनी सुई साबणात खुपसून काढली की सरसर जाते.

टाचण्या आणू नका. लेप असलेल्या कापडावर टाचणीचं छिद्र कायमचं असतं.

टप्पा ५: शिवणं (पहिला आणि दुसरा गट)

१. भरलेल्या बॅगेवरच, कागदाच्या तुकड्याच्या कडेने खडूने रेघ मारा. वरचा मध्य एका छोट्या आडव्या खुणेने दाखवा, म्हणजे गोल पॅच फिरणार नाही. मग कागद काढा आणि बॅग रिकामी करा.

२. पॅचच्या पाठीला गोंदाच्या कांडीचा पातळ हात द्या, रेघेत बसवा, वर पुस्तक ठेवून वाळू द्या. कडेपासून अर्धा सेंटिमीटर गोंद नको, नाहीतर सुई तिथेच चिकटते.

३. बॅगेच्या आत, पॅचच्या बरोबर मागे पुठ्ठा सरकवा. समोर खिसा असेल तर पुठ्ठा खिशात, म्हणजे फक्त बाहेरचं कापड शिवलं जाईल. अस्तर असेल तर ते आधी बाजूला करा. अस्तराच्या तळाची शिवण थोडी उसवून हात आत घालावा लागतो, शेवटी ती पुन्हा शिवा.

तपासा: पहिले चार टाके झाले की थांबा. खिशात हात घाला. हात तळापर्यंत जातो का? अस्तर सुटं आहे का? चार टाके उसवणं सोपं असतं, पूर्ण वळसा उसवला तर तो सगळा छिद्रांचा वळसा मागे राहतो.

४. आधी चार ठिकाणी एकेक टाका घ्या: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. एका टोकापासून सलग शिवत गेलं की पॅच हळूहळू सरकतो आणि शेवटच्या बाजूला फुगा येतो. तो फुगा मग लोक ओढून-ताणून बसवतात आणि बॅगेला कायमची चुणी पडते.

५. आता उलटी टीप घाला: सुई एक टाका पुढे काढायची, अर्धा मागे घालायची. नुसता धावदोरा इथे पुरत नाही, एक ठिकाणी तुटला की सगळा सुटत जातो. पॅचची जाड गोठ आणि आतलं भरतकाम यांच्यामध्ये बारीक खोबण असते. टाका त्या खोबणीत घ्या. तिथे दोरा खाली दबतो, दिसत नाही, आणि बॅग भिंतीला घासली तरी घर्षण गोठीवर जातं, दोऱ्यावर नाही. गोठीवरून बाहेर गुंडाळलेले टाके दिसायला नीटनेटके असतात पण ते सगळ्यात आधी झिजतात.

६. टाक्याची लांबी सुमारे तीन मिलिमीटर. जास्त मजबूत व्हावं म्हणून दीड मिलिमीटरचे टाके घालणं ही उलटी चूक आहे: छिद्रं इतकी जवळ येतात की कापड त्या रेषेवर टपाल तिकिटासारखं फाटतं.

७. दोरा घट्ट ओढा, पण कापड आत खेचलं जाईल इतका नाही. दर सात-आठ टाक्यांनी कापडावरून तळवा फिरवा. चुणी हाताला डोळ्यांआधी कळते.

८. कॅनव्हासच्या बॅगेवर खालच्या कडेला सेंटिमीटरभर जागा न शिवता सोडा. पॅचमागे शिरलेलं पाणी तिथून उतरतं. चारही बाजूंनी बंद केलेला पॅच कोकणातल्या पावसाळ्यात मागून बुरसतो, आणि तो वास आठवडाभर जात नाही.

९. शेवटचे चार टाके आधीच्याच टाक्यांवरून मागे घ्या आणि दोरा आतल्या बाजूला कापा. मोठी गाठ ठेवू नका. आत ठेवलेल्या कपड्यांना ती घासते आणि नंतर छिद्रं बुजवायला लावायच्या सीलरचा थर तिच्याभोवती नीट बसत नाही.

मशीनवर करायचं असेल तर घरच्या मशीनवर फक्त सुटं झाकण किंवा पूर्ण उघडणारा खिसा बसतो, बॅगेचं अंग बसत नाही. मोटर लावू नका, चाक हाताने फिरवा. वळणावर सुई कापडात ठेवूनच दाब उचला आणि बॅग वळवा. बॅगेच्या अंगासाठी चप्पल-बूट शिवणाऱ्यांकडचं लांब निमुळत्या दांड्याचं, हाताने फिरवायचं मशीन उत्तम. तो दांडा बॅगेच्या आतपर्यंत पोचतो.

कारागिराकडे देताना तीन गोष्टी तोंडी सांगा आणि शक्य असेल तर शेजारी बसा. एकच टीप, दुहेरी नाही. पक्कं काम म्हणजे दुहेरी टीप असा त्यांचा हिशोब असतो आणि लेपाच्या कापडावर त्याने छिद्रं दुप्पट होतात. मधून फुली मारायची नाही. आणि इस्त्री अजिबात नाही.

छिद्रं बंद करणं

दुसऱ्या गटातल्या बॅगेला हे सोडून चालत नाही. ट्रेकिंगच्या दुकानात सीम सीलर मिळतो. आतला लेप पीयूचा असेल तर पीयूचाच सीलर घ्या. सिलिकॉनच्या लेपाला सिलिकॉनचा. बाथरूमच्या फरशांमध्ये भरतात ते सिलिकॉन वापरू नका. पीयूवर ते काही महिन्यांत सालीसारखं सुटतं आणि नंतर त्या जागेवर दुसरं काहीच चिकटत नाही.

आतली बाजू स्पिरिटच्या फडक्याने पुसा, वाळू द्या. बारीक ब्रशने टाक्यांच्या रेषेवर, दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटर जाईल असा पातळ हात द्या. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ बरे. खिडकी उघडी ठेवा, वास उग्र असतो. दिवसभर वाळल्यावर वर टाल्कम पावडर चोळा, नाहीतर बॅग मिटल्यावर आतलं कापड एकमेकांना चिकटतं.

मेणाच्या कॅनव्हासला सीलर चालत नाही, तिथे मेणच. तेही आतल्या बाजूने, हेअर ड्रायरने हलकं गरम करत. बाहेरून लावलं तर पॅच मेण पितो आणि तेलकट, काळपट दिसतो.

टप्पा ६: वॉटरप्रूफ बॅगेसाठी वेगळं पॅनल

तिसऱ्या गटातल्या बॅगेवर पॅच लावण्याचा माझ्या मते एकच चांगला मार्ग आहे: पॅच एका सुट्या कापडावर शिवायचे आणि ते कापड बॅगेवर बांधायचं. बॅगेला एकही छिद्र नाही, सगळं शिवणकाम सपाट कापडावर, म्हणून घरच्या मशीनवर होतं, आणि बॅग बदलली तरी पॅच तुमच्याकडेच राहतात. विमानाने जाताना काढून सामानात टाकता येतं. खरं तर दुसऱ्या गटातल्या बॅगांनाही हेच करावं, पण थेट शिवायची हौस लोकांना आवरत नाही.

१. भरलेल्या बॅगेवर वर्तमानपत्र धरून पुढच्या बाजूचा आकार काढा. पॅनिअर खाली निमुळत्या असतात, म्हणून वरची आणि खालची रुंदी वेगवेगळी मोजा. सगळ्या बाजूंनी दोन सेंटिमीटर आत या. तो पॅनलचा तयार आकार.

२. कापड शाळेच्या दप्तराचं जाड पॉलिएस्टर किंवा कॉर्ड्युरा. जुनी जीन्स मोहात पाडते, पण भिजली की जड होते आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही.

३. दुमडीसाठी चारही बाजूंना दोन सेंटिमीटर जास्त ठेवून कापा. कापलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून पटकन फिरवा, म्हणजे दोरे निघणार नाहीत. दुमडीची रेघ खडूने आखा.

४. आधी पॅच शिवा, मग कड दुमडा. आधी दुमडली तर कडेजवळचे पॅच मशीनच्या दाबाखाली नीट बसत नाहीत. पॅच दुमडीच्या रेघेपासून एक सेंटिमीटर आतच ठेवा.

५. बॅगेचा रिफ्लेक्टर पॅनलखाली जात असेल तर त्याच जागी पॅनलवर रिफ्लेक्टिव्ह पट्टी शिवा.

६. चार कोपऱ्यांना आणि लांब बाजूंच्या मध्यावर आतून नायलॉनच्या पट्ट्याचा तुकडा शिवून जाडी वाढवा आणि तिथे आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी) मारा. आयलेट मारायला फ्लेक्सचे बॅनर करणाऱ्यांकडे जा, त्यांच्याकडे यंत्र तयार असतं आणि काम उभ्या उभ्या होतं. नुसत्या कापडावर मारलेला आयलेट पहिल्याच खड्ड्यांच्या रस्त्यावर निघून येतो.

७. आयलेटमधून इलॅस्टिकची दोरी ओवा. वरची टोकं बॅगेच्या बाजूच्या पट्ट्यांना, खालची टोकं खालच्या पट्टीला किंवा बॅगेच्या तळाखालून एकमेकांना. इलॅस्टिक ताणलेलं हवं, पण बॅगेला चिमटा बसेल इतकं नको.

इशारा: इलॅस्टिकचं सुटं टोक चाकाच्या बाजूला कधीही ठेवू नका. टोकं कापा, भाजा आणि पॅनलखाली खोचा. आऱ्यांमध्ये अडकलेली दोरी उतारावर मागचं चाक जागच्या जागी थांबवते.

तपासा: पॅनल न काढता बॅगेचं तोंड उघडता येतं का? बॅग एका हाताने कॅरिअरवरून निघते का? सायकल उचलून मागचं चाक जोरात फिरवा आणि कान द्या. टिक-टिक ऐकू आली तर काहीतरी लागतंय.

पॅच वेल्क्रोचे असतील तर पॅनलवर मऊ बाजू शिवा आणि पॅचला खरखरीत. उलटं केलं तर खरखरीत बाजूत चिखल, गवत आणि स्वतःचे लोकरी मोजे अडकतात.

चिकटवायचंच असेल तर

फक्त पीव्हीसीचा पॅच पीव्हीसीच्या बॅगेवर. भरतकामाचा पॅच चिकटवला तर त्याच्या दोऱ्यांतून पाणी आत झिरपतं आणि कड उचलली जाते.

मऊ पीव्हीसीसाठीचा, वाळल्यावरही लवचिक राहणारा पीयूचा गोंद वापरा. फेव्हिक्विक कडक होतो आणि बॅग दुमडली की तडकतो. पंक्चरचं सोल्यूशन ट्यूबच्या रबरासाठी आहे. बूट-चपलांचा पिवळा गोंद सुरुवातीला घट्ट धरतो, पण मऊ पीव्हीसीतून बाहेर येणाऱ्या तेलकट द्रव्याने काही महिन्यांत पुन्हा चिकट होतो. ग्लूगनचा गोंद उन्हात वितळतो.

दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव वापरू नका, ते लेपच मऊ करतं. बॅग भरून तिचा खरा आकार येऊ द्या, गोंद लावा आणि पॅचवरून रुंद पट्टा आवळून एक दिवस तशीच ठेवा. सपाट बॅगेवर चिकटवलेला पॅच बॅग भरल्यावर कडेने सुटतो, गोंद कितीही चांगला असला तरी.

टप्पा ७: सफरीआधीची परीक्षा

प्रत्येक पॅचच्या मागे, बॅगेच्या आत, वर्तमानपत्राचा कोरडा कागद मास्किंग टेपने सपाट चिकटवा. बॅग नेहमीसारखी बंद करा, शॉवरखाली दहा मिनिटं धरा, वरून आणि बाजूने. बाहेरून पुसा, उघडा, कागद बघा. गळणाऱ्या टाक्याच्या जागी कागदावर गडद ठिपका असतो. ठिपका जिथे, तिथे सीलरचा आणखी एक हात. नुसता हात आत घालून बघण्यात अर्थ नाही. बारीक गळती हाताला कळत नाही, ती चौथ्या दिवशी स्लीपिंग बॅगला कळते.

मग पूर्ण वजन भरून घराजवळ वीस-तीस किलोमीटर चालवा, शक्यतो खराब रस्त्यावर. परत आल्यावर पॅचच्या कडांवरून नख फिरवा. कुठे उचलतंय का, टाचेच्या बाजूला घासल्याची खूण आहे का, इलॅस्टिक सैल झालंय का, एवढं बघा.

धुणं आणि काढणं

चिखल वाळू द्या आणि मऊ ब्रशने झाडा. समुद्राकाठच्या सफरीनंतर गोड्या पाण्याने धुवा. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याखाली बॅग धरू नका, पाणी टाक्यांतून आत ढकललं जातं आणि सीलर सुटतो. वॉशिंग मशीन तर नाहीच.

पॅच काढायचा झाला तर आतल्या बाजूने दर तिसरा टाका कापा आणि मग बाहेरून पॅच हलकेच उचला. इस्त्रीचा गोंद उरला असेल तर त्यावर बर्फ ठेवून कडक करा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. कापडावर छिद्रांचा गोल राहतोच. तो झाकायला आधीच्यापेक्षा मोठा पॅच निवडा आणि नवे टाके जुन्या छिद्रांच्या किमान पाच मिलिमीटर बाहेरून घ्या. जुन्याच छिद्रांतून सुई घातली तर पुढच्या सफरीत कापड त्या रेषेवर फाटतं.